खेडचा महजर

परवा एका व्याख्यानमालेत शाहू-ताराबाई संघर्षावर व्याख्यान होतं. वक्ते तासभर संथपणे, कागद न बघता बोलले. प्रश्नोत्तरं सुरू होऊन पाच मिनिटं झाली नसतील, तोच तिसऱ्या रांगेतले एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, 'धनाजी जाधव फितूर झाला नसता तर मराठ्यांचं राज्य दुभंगलंच नसतं.' मागून लगेच आवाज आला, 'खरा वारस परत आल्यावर बाईंनी हट्ट सोडायला हवा होता, तर दुभंगलं नसतं.' पुढची चाळीस मिनिटं सभागृहात दोनच शब्द ऐकू येत होते : फितुरी आणि हट्ट. वक्ते हातात माईक धरून उभे. शेवटी आयोजकांनी चहा झाल्याचं जाहीर केलं.

१२ ऑक्टोबर १७०७ रोजी भीमेकाठी खेडला शाहू आणि ताराबाई यांच्या फौजांच्या लढाईत जे घडलं, त्याला हे दोन्ही शब्द पुरत नाहीत, असं माझं मत आहे. फितुरी म्हणायला आधी मालक ठरलेला असावा लागतो आणि खेडच्या रानात नेमका तोच ठरायचा होता. हट्ट म्हणायला समोरच्याचा हक्क निर्विवाद असावा लागतो, तोही नव्हता. ती लढाई म्हणजे घोड्यावर बसून लिहिलेला महजर होता. गावात वतनाचा तंटा उभा राहिला की गोत जमायचं, साक्षी व्हायच्या, शपथा व्हायच्या आणि निवाड्याचा कागद व्हायचा. तो महजर. खेडला गोतसभा बसली ती सरदारांची, आणि तिच्यासमोर वाद होता तो छत्रपतींच्या गादीचा. निकाल बरोबर लागला की चूक, यावर आपण तीनशे वर्षं भांडतो आहोत. निकाल देणारे कोण होते आणि त्यांनी कुठलं माप लावलं, हे मात्र कुणी विचारत नाही.

(इथले शाहू म्हणजे संभाजीराजांचे पुत्र, साताऱ्याचे. कोल्हापूरच्या राजर्षींशी गल्लत नको. अर्थात ताराबाईंनी उभी केलेली गादी पुढे 'शाहू' याच नावानं सर्वांत उजळली, हा इतिहासाचा खट्याळपणा म्हणायचा.)

घटना थोडक्यात अशी. १६८९ मध्ये संभाजीराजांना औरंगजेबानं मारलं. रायगडावर त्यांचे धाकटे भाऊ राजाराम यांचं मंचकारोहण झालं आणि ते पुढे जिंजीला निसटले. गड पडला, आणि येसूबाई सात वर्षांच्या शाहूंसह मोगलांच्या हाती लागल्या. १७०० मध्ये सिंहगडावर राजाराम गेले. त्यांच्या पत्नी ताराबाईंनी आपल्या लहानग्या शिवाजीला गादीवर बसवून सात वर्षं मोगलांशी झुंज दिली. १७०७ च्या सुरुवातीला औरंगजेब अहमदनगरला मेला. त्याचा मुलगा आझमशहा गादीसाठी उत्तरेकडे धावत सुटला आणि वाटेत, मे महिन्यात, भोपाळजवळ दोराह्याला त्यानं शाहूंना सोडलं. येसूबाईंना मात्र ओलीस ठेवून घेतलं. सातव्या वर्षी गेलेला मुलगा पंचविसाव्या वर्षी परत येत होता. ताराबाईंनी जाहीर केलं की हा तोतया आहे, आणि त्याला अडवायला सेनापती धनाजी जाधव व परशुराम त्र्यंबक प्रतिनिधी यांना पाठवलं. खेडला धनाजींची फौज ऐन वेळी लढाईबाहेर राहिली, प्रतिनिधींनी एकट्यानं तोंड दिलं आणि माघार घेऊन सातारा गाठला. धनाजी शाहूंना मिळाले. तीन महिन्यांनी, १२ जानेवारी १७०८ रोजी, साताऱ्यात शाहूंचा राज्याभिषेक झाला.

आता 'फितुरी'कडे येऊ. आपल्याकडे निर्णायक लढाई हरणाऱ्याला नेहमी एक फितूर सापडतो. राक्षसतागडीला १५६५ मध्ये रामरायाचे दोन सरदार उलटले म्हणून विजयनगर बुडालं, सामूगडला १६५८ मध्ये खलीलुल्लाखानानं दगा दिला म्हणून दारा हरला, प्लासीला मीर जाफर होताच. यांतल्या काही गोष्टी खऱ्याही असतील. पण फितूर सापडला की विचार थांबतो, ही त्यातली सोय आहे. सगळं एका माणसाच्या डोक्यावर फोडलं की बाकीच्या शंभर जणांनी काय केलं हे बघावं लागत नाही. खेडच्या बाबतीत तर बघण्यासारखं पुष्कळ आहे. धनाजी वळण्याच्या आधीच खानदेशात परसोजी भोसले, नेमाजी शिंदे, हैबतराव निंबाळकर, चिमणाजी दामोदर शाहूंना येऊन मिळाले होते. ताराबाईंच्या छावणीतले खंडो बल्लाळ मनानं शाहूंकडे होते. धनाजींनी आधी गुप्तपणे शाहूंची गाठ घेतली, माणूस खरा असल्याची खातरजमा केली आणि मग पाऊल उचललं. पैशाची थैली घेऊन रात्रीतून पसार होणाऱ्याला फितूर म्हणतात. साक्षी तपासून कौल देणाऱ्याला काय म्हणायचं?

याच फितुरीच्या गोष्टीला अलीकडे जातीची फोडणी देतात : बाळाजी विश्वनाथ भटानं धनाजींचे कान भरले आणि राज्य पेशव्यांच्या घशात घालायची तजवीज तेव्हाच झाली. बाळाजींनी धनाजींचं मन वळवण्यात भाग घेतला, हे खरं. पण १७०७ मध्ये ते धनाजींच्या हाताखालचे एक हुशार कारभारी होते. पेशवाई मिळाली ती सहा वर्षांनी. आणि खेडच्या दोन बाजू जातीनं लावून बघा, कुठेच जुळत नाहीत. ताराबाईंच्या बाजूनं शेवटपर्यंत लढलेले परशुरामपंत ब्राह्मण, त्यांच्याकडेच राहिलेले रामचंद्रपंत अमात्य ब्राह्मण. शाहूंना आधी जाऊन मिळालेले बहुतेक मराठे. खंडो बल्लाळ कायस्थ. साताऱ्याचा किल्ला शाहूंच्या हवाली केला तो शेख मिरानं. वाईला असलेली त्याची बायकामुलं शाहूंनी ताब्यात घेतली होती, हेही सांगायला हवं. महाराजांच्या पदरी सगळंच सोज्वळ होतं असं नाही.

ताराबाईंची बाजू आजच्या भांडणात जशी मांडली जाते त्याहून कितीतरी भक्कम होती. त्यांचं म्हणणं असं : थोरल्या महाराजांनी राज्य मिळवलं, संभाजीराजांच्या काळात ते गेलं, आणि माझ्या पतीनं ते नव्यानं उभं केलं, तेव्हा हे राज्य राजारामांचं स्वकष्टार्जित आहे, थोरल्या शाखेचा त्यावर दावा चालत नाही. यात तथ्य नव्हतं का? रायगड गेला होता. राजा जिंजीत अडकला होता. त्यानंतरचं जे काही होतं ते रामचंद्रपंत, शंकराजी नारायण, संताजी, धनाजी यांनी आणि १७०० नंतर स्वतः ताराबाईंनी ओढून आणलेलं होतं. हंबीरराव मोहित्यांची ही लेक चोवीस-पंचवीस वर्षांची असताना औरंगजेबासमोर उभी राहिली, आणि खाफीखानासारख्या मोगल इतिहासकारानंही तिच्या बुद्धीची आणि कारभाराची तारीफ केली. अठरा वर्षं मोगल छावणीत वाढलेला एक तरुण, ज्यानं या युद्धात तलवार उचलली नाही, तो शत्रूच्या परवानगीनं येतो आणि म्हणतो गादी माझी. सात वर्षं रक्त आटवलेल्या बाईनं ओवाळून त्याला आत घ्यावं, ही अपेक्षा कुठल्या न्यायात बसते?

तरीही सरदारांनी तो दावा मान्य केला नाही. का? इथे मला वतनाच्या कायद्याकडे वळावंसं वाटतं, कारण हे लोक त्याच कायद्यात जन्मले आणि वाढले होते. दुष्काळ पडला, मुलूख उजाड झाला, पाटील परागंदा झाला, तर भाऊबंद वतन चालवत. पण मिरासी हक्क गैरहजेरीनं बुडत नसे. वीस-तीस वर्षांनी मूळ धनी किंवा त्याचा नातू गावात परतला आणि गोतानं ओळखला, की वतन त्याचं. मधल्या काळात ज्यानं राखलं त्याला मान होता, काही हिस्साही मिळे, पण वडीलकी थोरल्या घराची. आता पंचवीस वर्षं चाललेल्या मोगल युद्धात किती पाटील, किती देशमुख परागंदा झाले असतील? किती जणांचे चुलते त्यांच्या वाड्यात राहत असतील? 'जो राखील त्याचं' हा ताराबाईंचा सिद्धान्त गादीला लागू केला, तर उद्या तो प्रत्येक गावच्या पाटीलकीला लागू होणार होता. आपल्याच वतनाच्या कागदावर शाई सांडायला कोण तयार होईल?

म्हणूनच परसोजी भोसल्यांची ती गोष्ट मला सगळ्या लढाईपेक्षा महत्त्वाची वाटते. शाहू तोतया आहेत ही आवई उठल्यावर परसोजी त्यांच्याबरोबर एका ताटात जेवायला बसले. चित्र डोळ्यांसमोर आणा. खानदेशातली छावणी, बाहेर घोडी, भोवती सरदार, आणि मधे एकच ताट. मोगलांत वाढलेला, चेहरा कुणाच्याही आठवणीत न राहिलेला एक पोरगा घास उचलतो आहे आणि त्याच ताटात एका भोसल्याचा हात जातो आहे. ओळख पटवण्याचा त्या काळी यापलीकडे पुरावा नव्हता आणि याहून मोठाही नव्हता. ताराबाईंनीही हेच हत्यार वापरलं : दूधभातावर हात ठेवून सरदारांकडून शपथा घेतल्या. एकीकडे ताट, दुसरीकडे दूधभात. राज्य कुणाचं हे ठरवायला दोन्ही छावण्या पंक्तीचा आधार घेत होत्या.

यावर एक आक्षेप येतो आणि तो मला सर्वांत जड वाटतो. राज्य म्हणजे काय पाटीलकी आहे? शिवाजी महाराजांची सगळी धडपड वतनदारांच्या या संकुचित हिशेबातून रयतेला आणि राज्याला वर काढण्याची होती. मग स्वराज्याचा निवाडा वतनाच्या मापानं करणं हा त्यांच्याच कामाचा पराभव नाही का? आहे. मला तो नाकारता येत नाही. पण तो पराभव खेडला झाला नाही, पंधरा वर्षं आधी झाला. जिंजीच्या काळात औरंगजेब वतनं आणि मनसबी वाटून सरदार फोडत होता, तेव्हा राजारामांनाही वतनांची आश्वासनं द्यावी लागली. ज्याला जो मुलूख सोडवता येईल तो त्यानं सोडवावा, असा कारभार झाला. खजिना नव्हता, दुसरं करणार काय? त्यातूनच मोगल थकले, हेही खरं. मात्र १७०७ मध्ये राज्याची फौज म्हणून जी उभी होती ती अशा स्वतःच्या हिमतीवर जगलेल्या सरदारांची होती. १६९७ मध्ये संताजींना सोडून फौज धनाजींकडे वळली, तेव्हाच आपला नेता आपण निवडायची सवय या घोड्यांना लागली होती.

शिवाय ताराबाईंचा सिद्धान्त त्यांना स्वतःला तरी पुरता झेपला का? 'राखील त्याचं राज्य' म्हणायचं तर गादी त्यांची स्वतःची ठरत होती. त्या मात्र ती अकरा वर्षांच्या मुलासाठी मागत होत्या, म्हणजे जन्माच्याच हक्कानं. एकदा जन्माचा हक्क पुढे केला की थोरली शाखा आधी येते, आणि तिथे त्यांचा खटला पडतो. खुद्द राजारामांनी एका पत्रात म्हटलं होतं की शाहू परत आले की राज्य त्यांचं, आपण सांभाळतो आहोत. स्त्री म्हणून त्यांना स्वतःसाठी मागता आलं नाही, असं कुणी म्हणेल तर मी मान डोलावीन. त्या काळाच्या चौकटीतली ती खरी खोट आहे, आणि ताराबाईंना 'हट्टी' म्हणणाऱ्यांना ती दिसत नाही. असाच हट्ट बाजीरावांनी केला की आपण त्याला जिद्द म्हणतो.

मोगलांचं बाहुलं हा दुसरा आरोप. शाहूंच्या सुटकेमागे मराठ्यांत फूट पाडण्याचा मोगल सरदार झुल्फिकारखानाचा डाव होता, यात शंका नाही. आई दिल्लीच्या ताब्यात असलेला राजा पूर्ण स्वतंत्र कसा असेल? पण या कसोटीवर दुसरी बाजूही घासून बघा. १७०० मध्ये ताराबाईंनीही मुलासाठी सात हजारी मनसब आणि दख्खनची सरदेशमुखी मागून औरंगजेबाशी तडजोडीची बोलणी केली. त्यानं ती फेटाळली. १७०९ मध्ये बहादूरशहाच्या दरबारात झुल्फिकारखान शाहूंसाठी आणि मुनीमखान ताराबाईंसाठी सरदेशमुखीच्या सनदा मागत होते. बादशहानं सांगितलं, आधी आपसात ठरवा धनी कोण. दोघांनाही मोगली कागद हवा होता. खरं तर दख्खनमध्ये त्या कागदावाचून वसुली कायदेशीर ठरत नव्हती. आणि डाव टाकणाऱ्यांचं पुढे काय झालं? आझमशहा जूनमध्येच जाजऊला भावाकडून मारला गेला. बारा वर्षांनी त्याच 'बाहुल्या'चा पेशवा फौज घेऊन दिल्लीत शिरला आणि चौथाई, सरदेशमुखी, स्वराज्य यांच्या सनदा व येसूबाईंना घेऊन परतला.

जाजऊचं नाव आलंच आहे तर एक तुलना. एकाच वर्षात, चार महिन्यांच्या अंतरानं, दोन घराण्यांनी वारसा रणात ठरवला. जाजऊला हरलेला भाऊ मुलासकट मेला. खेडला हरलेले परशुरामपंत कैदेत पडले, सुटले आणि पुन्हा प्रतिनिधी झाले. पुढे त्यांचा एक मुलगा साताऱ्याकडे आणि एक कोल्हापूरकडे राहिला. हरलेल्या ताराबाई पन्हाळ्याला गेल्या आणि पुढे चोपन्न वर्षं जगल्या. ही काही आपली जन्मजात उदारता नव्हे. महजरात हरलेल्याला मारत नाहीत एवढंच. त्याला गावातच राहायचं असतं, आणि उद्या पुन्हा दावा लावायचा असतो.

पण कौल देणाऱ्यांपैकी सगळ्यांनाच तो इतका सोपा गेला नाही. भोरचे शंकराजी नारायण सचिव आठवा. रायगड पडल्यावर याच माणसानं मावळातले किल्ले एकेक करून परत घेतले होते. त्यांनी ताराबाईंना शपथ दिली होती आणि आता शाहू खरे आहेत हे त्यांना कळत होतं. शपथ मोडावी तर बेइमानी, पाळावी तर खऱ्या धन्याशी द्रोह. आंबवड्याला त्यांनी स्वतःचा शेवट करून घेतला. शाहूंनी सचिवपद त्यांच्या तान्ह्या मुलाला दिलं. फितुरी आणि निष्ठा इतक्या सहज वेगळ्या करता येत असत्या, तर शंकराजींना मरायची गरज काय होती? त्या सभागृहात चाळीस मिनिटांत त्यांचं नाव एकदाही निघालं नाही.

खेडची खरी किंमत मोजावी लागली ती पुढच्या दहा वर्षांत. ज्यांनी राजा निवडला त्यांना तो नाकारताही येतो, हे राजाला आणि सरदारांनाही कळून चुकलं होतं. परसोजींना सेनासाहेबसुभा हा किताब मिळाला, धनाजींचं सेनापतिपद कायम राहिलं. कौलाबरोबर लाभही आला, हे लपवण्यासारखं नाही. १७०८ मध्ये धनाजी वारले. तीन वर्षांनी एका शिकारीच्या हरणावरून त्यांचा मुलगा चंद्रसेन आणि बाळाजी विश्वनाथ यांच्यात तलवारी निघाल्या. चंद्रसेन रुसून ताराबाईंकडे गेला आणि पुढे निजामाकडे. शाहूंजवळ फौज उरली नाही. बाळाजींनी कर्जं काढून ती उभी केली. हिंगणगावच्या दमाजी थोरातासारखे लोक रयतेला लुबाडत होते, ते कुठल्या राजाचे हा प्रश्नच उरला नव्हता. १७१४ मध्ये पन्हाळ्यावर ताराबाईंचीही तीच गत झाली : सवत राजसबाईनं आपल्या मुलाला, संभाजीला, गादीवर बसवलं आणि ताराबाई मुलासह कैदेत गेल्या. साताऱ्याला काय आणि पन्हाळ्याला काय, गादीवर बसणारा बदलत होता. बसवणारे तेच होते. पेशवाई आणि मोठ्या सरदारांचे सुभे ही या वास्तवाची पुढची पानं आहेत. दोन गाद्यांची हद्द ठरायला १७३१ चा वारणेचा तह यावा लागला.

मध्यंतरी नाशिककडे जाताना राजगुरुनगरला भीमेच्या पुलाजवळ गाडी बराच वेळ अडकली होती. राजगुरुनगर म्हणजेच जुनं खेड. उतरून चहा घेतला आणि टपरीवाल्याला सहज विचारलं, शाहू महाराजांची लढाई इथे कुठे झाली? तो म्हणाला, 'राजगुरूंचा वाडा का? तो त्या अंगाला.' हुतात्म्याचं गाव त्याच्या नावानं ओळखलं जातं, यात वावगं काही नाही. पण ज्या रानात मराठ्यांच्या गादीचा निवाडा झाला, ते डोळ्यांसमोर असून मला ओळखता येत नव्हतं, आणि पात्रातलं पाणी कशाचाच पत्ता लागू देत नव्हतं.

शेवटी पुन्हा ताटाकडे. डिसेंबर १७४९ मध्ये शाहू निपुत्रिक वारले. ताराबाईंनी सांगितलं, माझा एक नातू लपवून वाढवलेला आहे, रामराजा. तो खरा कशावरून? नागपूरच्या रघूजी भोसल्यांनी, म्हणजे परसोजींच्याच घराण्यातल्या पुरुषानं, अट घातली : ताराबाईंनी सगळ्या जातभाईंसमोर कृष्णेच्या काठी त्याच्याबरोबर एका ताटात जेवावं आणि त्या अन्नावर शपथ घ्यावी. बेचाळीस वर्षांपूर्वी ज्या पुराव्यानं त्यांचा दावा बुडाला होता, तोच आता त्यांच्याकडे मागितला जात होता. त्या बसल्या, जेवल्या, शपथ घेतली. वर्षही उलटलं नाही तोच, रामराजा आपल्या मुठीत राहत नाही असं दिसताच, त्यांनी त्याला साताऱ्याच्या किल्ल्यावर कैद केलं आणि तो आपला नातू नव्हेच म्हणून सांगितलं. १७५२ मध्ये जेजुरीला खंडोबासमोर तशी शपथही घेतली.